गावठाणातील जुनी व्यापारी मिळकत कशी पारखावी: नाशिकमधील नवख्या खरेदीदारांसाठी

मेन रोडवर किंवा रविवार कारंजाच्या आसपास एखादी जुनी दुमजली इमारत विकाऊ आहे असे कानावर आले की नवखा खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो तो एफएसआयचा, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकाचा (जागेच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते, याचा). दलालाकडे उत्तर तयार असते, त्या आकड्याला जागेच्या क्षेत्रफळाने गुणले जाते आणि चहा संपेपर्यंत कागदावर पाच मजली इमारत उभी राहते. या भागातील मिळकतींचे मूल्यांकन करताना माझा अनुभव असा आहे की हा प्रश्न चुकीचा नसला, तरी तो सर्वांत शेवटी विचारायचा असतो. रस्ता किती रुंद आहे, जागेत कोण बसले आहे आणि पाडून पुन्हा बांधल्यावर तळमजल्यावर विकण्याजोगे काय उरते, या तीन गोष्टी कळल्याखेरीज निर्देशांकाच्या आकड्याला काहीही अर्थ नसतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: पायी फिरून बाजार पाहणे

मिळकत पाहायला किमान तीन वेळा जावे: एकदा सकाळी दुकाने उघडताना, एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास आणि एकदा बुधवारी, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजाराच्या दिवशी. गाडी दूर लावून चालत जावे. गावठाणात दोनशे पावलांवर बाजार बदलतो. सराफ बाजार, भांडी बाजार आणि कापड पेठ एकमेकांना लागून असल्या तरी प्रत्येकीचे गिऱ्हाईक, हंगाम आणि जागेची गरज वेगळी आहे. गोळे कॉलनीत औषधांचा घाऊक व्यापार आहे. तिथे माल खोक्यांतून जातो, गिऱ्हाईक ठरलेले असते, म्हणून वरच्या मजल्यावरची जागाही धंद्याच्या कामी येते. मेन रोडवर कापड घ्यायला आलेले कुटुंब मात्र जिना चढताना दोनदा विचार करते, त्यामुळे तिथला पहिला मजला बहुतेक वेळा गोदाम म्हणूनच वापरला जातो.

शेजारच्या दहा इमारतींचे पहिले मजले नीट पाहावेत. तिथे पाट्या आणि दिवे आहेत की बंद खिडक्या आणि गोण्या आहेत, यावरून वरच्या मजल्यांना मागणी आहे की नाही, हे कोणत्याही अहवालापेक्षा लवकर कळते. माल हातगाडीवरून येतो की टेम्पो दारापर्यंत पोहोचतो, गिऱ्हाईक दुचाकी कुठे लावते, हेही त्याच फेरीत टिपून घ्यावे.

दुसरी पायरी: रस्त्याची रुंदी

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांप्रमाणे नाशिकलाही डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. या नियमावलीत दाट वस्तीच्या भागासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. मूळ निर्देशांक, अधिमूल्य (महापालिकेला द्यायची जादा रक्कम) भरून मिळणारा निर्देशांक, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणता येणारा हस्तांतरणीय विकास हक्क) वापरण्याची मर्यादा आणि पुढे सोडायचे अंतर या साऱ्या गोष्टी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. त्यामुळे मोजपट्टी घेऊन स्वतः रस्ता मोजावा, आणि तो एकाच ठिकाणी मोजून थांबू नये.

हे सांगण्यामागे माझी स्वतःची फजिती आहे. काही वर्षांपूर्वी एका अशिलासाठी मी दुकानासमोरचा रस्ता मोजला, तो ९ मीटरपेक्षा थोडा जास्त भरला आणि त्याच आधारावर प्राथमिक टिपण दिले. पुढे आर्किटेक्टने दोन्ही बाजूंना चालत जाऊन मोजले, तेव्हा चार घरांपलीकडे एका जुन्या वाड्याचा ओटा बाहेर आलेला होता आणि तिथे रस्ता साडेसात मीटरही भरत नव्हता. टिपण फाडून नवे लिहावे लागले आणि अशिलाने देऊ केलेली किंमत तोवर मालकाच्या कानावर गेलेली होती. तेव्हापासून चौकापासून चौकापर्यंत दर पंधरा-वीस पावलांवर मोजणे मी सोडलेले नाही.

जागेवरची रुंदी ही अर्धीच माहिती असते. राजीव गांधी भवनातील महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सिटी सर्व्हे क्रमांकाचा झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी राखली आहे, याचा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्यावा. रुंदीकरणाची रेषा मिळकतीतून जाते का आणि किती क्षेत्र खाते, हे त्यावरून समजते. रुंदीकरणात गेलेल्या क्षेत्राचा मोबदला निर्देशांकाच्या किंवा टीडीआरच्या रूपाने मिळू शकतो, आणि दाट वस्तीतील जमिनीसाठी टीडीआरचे प्रमाण बाहेरच्या भागापेक्षा जास्त ठेवलेले आहे, ही जमेची बाजू खरी. तरीही जाणारा भाग हा दुकानाचा दर्शनी भाग असतो, हे विसरून चालत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे रस्त्यांविषयी सध्या बरीच बोलणी ऐकू येतात. त्यांतले जे नकाशावर आहे तेवढेच हिशेबात धरावे.

तिसरी पायरी: पुराची रेषा

नदीपासून थोड्या अंतरावरील मिळकतीसाठी ही पायरी वैकल्पिक नाही. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी गावठाणातील बाजारपेठेत शिरले होते. सराफ बाजाराच्या बाजूला नदीबरोबरच सरस्वती नाल्याचे पाणीही तुंबते. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात, पण खरेदीदाराने पाटबंधारे खात्याने आखलेली निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा त्या मिळकतीच्या नकाशावर पाहिली पाहिजे. पूररेषेच्या आतील जुन्या अधिकृत इमारतीची पुनर्बांधणी अशक्य नसली, तरी जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर न्यावी लागते आणि पाटबंधारे खात्याची हरकत नसल्याचा दाखला लागतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की रस्त्याच्या पातळीवर शटर उघडणारे दुकान उरत नाही, पायऱ्या चढून जावे लागणारे दुकान उरते, आणि भाड्यात तो फरक लगेच दिसतो. शेजारच्या दुकानदाराला पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारावे. तो बहुधा भिंतीवर हात ठेवूनच दाखवतो.

सरकारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूच्या शेजारी मिळकत असेल, तर पुरातत्त्व विभागाची बंधने आधी तपासावीत.

चौथी पायरी: कागद

गावठाणात सातबारापेक्षा मिळकत पत्रिकेचे (प्रॉपर्टी कार्डचे) महत्त्व अधिक. नगर भूमापन कार्यालयातून चालू मिळकत पत्रिका, जुन्या चौकशी नोंदवहीचा उतारा आणि नकाशा काढावा. पत्रिकेवरील सत्ता प्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे), धारकांची नावे आणि इतर हक्कांचा रकाना वकिलाकडून वाचून घ्यावा. अनेक पत्रिकांवर आजोबा-पणजोबांचीच नावे असतात आणि समोर बसलेला मालक हा आठ वारसांपैकी एक असतो. बहिणींच्या सह्यांचा प्रश्न नेमका शेवटच्या आठवड्यात निघतो. दुय्यम निबंधकांकडील ३० वर्षांचा शोध, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, घरपट्टीचा उतारा आणि न्यायालयातील प्रलंबित दाव्यांची चौकशी ही ठरलेली कामे आहेत.

मोजणी मात्र टाळू नये. जुन्या मिळकतींच्या हद्दी सामाईक भिंतींतून जातात. पत्रिकेवरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांत फरक सापडणे नित्याचे आहे. मागच्या घराची वाट आपल्या बोळातून जात असेल, तर तो वहिवाटीचा हक्क नव्या आराखड्यातही सांभाळावा लागतो.

पाचवी पायरी: भाडेकरू

गावठाणातील व्यापारी मिळकतीची किंमत मुख्यतः इथे ठरते. मालक "सहा भाडेकरू आहेत, सगळे आपलेच लोक आहेत" असे सांगतो तेव्हा प्रत्येक गाळ्याचा स्वतंत्र तक्ता करावा: मूळ भाडेकरू कोण, आज प्रत्यक्ष धंदा कोण करतो, दोघांचे नाते काय, भाडे किती व शेवटची पावती कोणत्या महिन्याची, गाळ्याचे आतील माप किती, पोटमाळा आहे का आणि तो अधिकृत आहे का, वीजमीटर व दुकानाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, दावा चालू आहे का. हे माप मालकाच्या सांगण्यावरून लिहू नये, दुकानात जाऊन पट्टी लावावी. दुकानदार बहुधा नको म्हणत नाही, कारण त्यालाही आपले क्षेत्र कुठेतरी लिहिले जावे असे वाटत असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याखाली संरक्षण असलेल्या भाडेकरूला मालक बदलला म्हणून उठवता येत नाही. खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो, इतकेच. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना या कायद्याचे संरक्षण नाही, त्यामुळे पहिल्या मजल्यावर जुन्या भाड्याने बसलेली बँकेची शाखा आणि तळमजल्यावरचा जुना भांडेवाला यांचा विचार सारखा करता येत नाही. इमारत पाडून नवी बांधण्यासाठी ताबा मागण्याची तरतूद कलम १६ मध्ये आहे, पण मंजूर आराखडे आणि पैशांची तजवीज यांबाबत न्यायालयाची खात्री पटवावी लागते आणि भाडेकरूंचा नव्या इमारतीत परत येण्याचा हक्क सांभाळावा लागतो. पागडीबाबतही गैरसमज फार आहेत: भाडेहक्क सोडताना किंवा हस्तांतरित करताना रक्कम घेणे या कायद्याच्या कलम ५६ नुसार बेकायदा राहिलेले नाही, म्हणून झालेल्या व्यवहाराचा कागद मागायला संकोचू नये.

"इमारत धोकादायक ठरली की भाडेकरू आपोआप जातात", हा सल्ला बाजारात फुकट मिळतो. तो चुकीचा आहे. महापालिकेने इमारत पाडली तरी जमिनीवरील भाडेहक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका जुन्या वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस लागलेली मिळकत स्वस्त मिळते हे खरे, पण तिच्याबरोबर भाडेकरूही मिळतात.

सहावी पायरी: बांधकामाची अवस्था

महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक स्थैर्य अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते. आपण आपला अभियंता न्यावा आणि त्याला दोन प्रश्न विचारावेत: ही इमारत दुरुस्तीने किती वर्षे चालेल, आणि ती पाडली तर शेजारच्या भिंतीचे काय होईल. दगड-मातीच्या सामाईक भिंतींवर दोन्हीकडच्या सागवानी तुळया टेकलेल्या असतात. आपली बाजू मोकळी केली की शेजाऱ्याचा मजला उघडा पडतो. टेकू लावण्याचा, शेजाऱ्याच्या घराची आधी छायाचित्रे घेऊन ठेवण्याचा आणि हातानेच पाडकाम करण्याचा खर्च अंदाजपत्रकात हमखास राहून जातो. मेन रोडसारख्या ठिकाणी राडारोडा आणि सळया रात्रीच हलवाव्या लागतात, हेही त्यात धरावे.

सातवी पायरी: तळमजला आखणे, मग निर्देशांक

आता निर्देशांकाकडे वळावे, पण आधी कागदावर तळमजला काढावा. समजा, मिळकत १० मीटर रुंद आणि ३० मीटर खोल, म्हणजे ३०० चौरस मीटर आहे. सध्या पुढे भाडेकरूंची प्रत्येकी ३ मीटर दर्शनी रुंदीची तीन दुकाने, बाजूला १ मीटरचा बोळ आणि बोळातून आत तीन दुकाने. प्रत्येक दुकान १८ चौरस मीटर, एकूण १०८. रुंदीकरणात २ मीटरची पट्टी गेली आणि २८० चौरस मीटर उरले. मूळ निर्देशांक २ धरला तर ५६० चौरस मीटर होतात. व्यापारी वापरासाठी अधिमूल्य भरून ८० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळते, ते ४४८. एकूण १००८ चौरस मीटर. दलालाची पाच मजली इमारत ती हीच.

पुढचे-मागचे अंतर सोडून इमारत २० मीटर खोल बसली, तर तळमजला २०० चौरस मीटरचा होतो. त्यातून वाहनांच्या मार्गासाठी ३ मीटर रुंदीची पट्टी मागेपर्यंत सोडली की ६० गेले. जिना, लिफ्ट आणि त्यांच्यासमोरची जागा ३५, वीजमीटर आणि पंप १०. उरले ९५; भिंती आणि खांब वजा केले की आतील माप जेमतेम ८५. भाडेकरूंना परत द्यायचे आहे १०८. म्हणजे ज्या मजल्यावर सर्वाधिक भाव मिळतो, तिथे विकायला काही उरत नाहीच, उलट २३ चौरस मीटर कमी पडतात. दर्शनी बाजू तर त्याहून अवघड: १० मीटरमधून वाहनमार्ग वजा केल्यावर ७ मीटर उरतात, त्यात ३ मीटरचे शटर असलेले तीन दुकानदार बसत नाहीत, आणि चाळीस वर्षे रस्त्यावर बसलेल्या माणसाला "तुम्ही आत सरका" असे कोणी सांगायचे, हा प्रश्न कोणत्याही नियमावलीत सुटलेला नाही.

यावर मार्ग आहेत. वाहनांसाठी लिफ्ट वापरणे, आतल्या दोन भाडेकरूंना पहिल्या मजल्यावर मोठी जागा देणे किंवा त्यांचा हक्क रीतसर मोबदला देऊन घेणे, हे नेहमीचे. माझ्या मते खरा मार्ग शेजाऱ्याचे दार ठोठावण्याचा आहे. शेजारची तेवढीच मिळकत जोडून घेतली, तर दोन्हींना मिळून एकच वाहनमार्ग आणि एकच जिन्यांचा गट पुरतो. दर्शनी बाजू २० मधून ३ जाऊन १७ मीटर उरते, दोन वेगळ्या इमारतींत ती १४ च उरली असती. गावठाणातील अरुंद पट्ट्यांची क्षमता एकत्रीकरणात असते. शेजारी तयार नसेल तर इमारत न पाडता दुरुस्त करून पहिला मजला नीट भाड्याने देणे हा पर्यायही गंभीरपणे मांडून पाहावा. अनेकदा तोच फायद्याचा ठरतो, फक्त त्यात दलाल आणि बिल्डर यांना रस नसतो.

आठवी पायरी: पैशांचा हिशेब

जुन्या भाड्यावरून भांडवली किंमत काढली तर ती हास्यास्पद कमी येते, आणि वार्षिक मूल्य दर तक्त्यातील (सरकारी रेडी रेकनरमधील) दुकानांच्या दराने काढली तर भाडेकरू नसल्यासारखी येते. दोन्ही आकडे बाजूला ठेवून शिल्लक पद्धत वापरावी: विक्रीतून काय येईल, त्यातून सर्व खर्च आणि नफा वजा केला की जमिनीला देण्याजोगे काय उरते. उदाहरणादाखल, विकता येणाऱ्या भागातून ६ कोटी रुपये येतील असे धरू. बांधकाम २ कोटी ७५ लाख, अधिमूल्य व शुल्क ६० लाख, भाडेकरूंची पर्यायी सोय ३० लाख, व्याज ५० लाख, नफा ९० लाख. उरतात ९५ लाख. आता विक्रीत फक्त १० टक्के घट धरली, तर जमिनीसाठी ३५ लाखच उरतात. एका भाडेकरूने दावा लावून काम वर्षभर अडवले आणि व्याज दुप्पट झाले, तरी ९५ चे ४५ होतात. दोन्ही एकदम झाले, तर जमीन फुकट मिळूनही तोटा आहे.

भाडेकरूंची पर्यायी सोय हा खर्च कमी धरण्याकडे कल असतो. सराफाला अक्षय्य तृतीया आणि धनत्रयोदशी, भांडी-कापडवाल्याला लग्नसराई चुकवून चालत नाही. तात्पुरता गाळा त्याच बाजारात द्यावा लागतो, कारण दोन गल्ल्या पलीकडे गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

नववी पायरी: इसार

इसाराची रक्कम शक्य तितकी कमी ठेवावी आणि पावतीऐवजी नोंदणीकृत करार करावा. भाडेकरूंचा तक्ता, त्यांच्या सह्यांसह, त्या कराराला जोडलेला असावा. झोन दाखला, पूररेषेचा अभिप्राय आणि मोजणी मालकाने सांगितलेल्या स्थितीशी जुळली नाही तर इसार परत, अशी अट स्पष्ट शब्दांत घालावी, आणि सर्व वारसांच्या सह्या पहिल्याच दिवशी घ्याव्यात. या चौकशीसाठी मुदत सहा महिन्यांची मागावी. ती मोजताना पावसाळा आणि दिवाळीचा महिना धरू नये, कारण त्या काळात मोजणी वेळेवर होत नाही आणि दुकानदार बोलायला मोकळा सापडत नाही.